सकाळचं ऊन, दहा मिनिटं

१२ ऑगस्ट

या वहीची पहिली तीस पानं छत्र्यांनी भरलेली आहेत. तीन नंबरला जर्मन बाई, दुपारपर्यंत. सात नंबरला दोघं, जास्तीची उशी मागितली. बालीच्या किनाऱ्यावर मी खुर्च्या आणि छत्र्या मांडायचो, तेव्हा मालकाने दिलेली ही वही. नोकरी सुटली, वही राहिली. उरलेल्या पानांवर रोजचं काहीतरी लिहायचं ठरवलंय. आठवीत शाळा सोडली तेव्हापासून एका जागी बसून मी काही केलेलं नाही. बघू किती दिवस टिकतं.

दुपारी बसमधून उतरलो. ऑगस्टात, इथल्या ऐन उन्हाळ्यात, मदुरा बेटावर उतरलं की आधी डोळे मिटून उभं राहावं लागतं. दोन्ही बाजूंना मिठागरं, सगळं पांढरं भगभगीत. चालत घरी पोचलो तर एम्बुकच्या कुशीत बाळ. एम्बुक म्हणजे माझी थोरली बहीण. नाव होस्निया, पण मी नुसत्या नावाने हाक मारली तर अजूनही कान उपटेल. काल दुपारी आरोग्य केंद्रात बाळंत झाली, आज सकाळी घरी आली. मुलगी आहे. लग्नाला सात वर्षं झाली, त्यात दोनदा राहून गेलं. या वेळी कुणी कुणाला काही बोललं नव्हतं. मलासुद्धा सातव्या महिन्यात कळलं.

बिब्बीने, म्हणजे मावशीने, दारातच अडवलं. आई गेल्यापासून हे घर तीच चालवते. म्हणाली, मामा आले, हात हलवत आले, निदान ते हात तरी धुवा.

बाळाचं नाव सातव्या दिवशी ठेवायचं. तोपर्यंत ती नुसती बिंग, इथे सगळ्याच पोरींना म्हणतात तशी. मी दहा दिवस राहणार. मग कालीमंतानला. माझा दोस्त साहनान नदीतून कोळसा वाहणाऱ्या पडावावर, म्हणजे सपाट बोटीवर आहे, एक जागा धरून ठेवतो म्हणालाय.

१३ ऑगस्ट

सकाळी मार्सुकीबरोबर मिठागरावर गेलो. मार्सुकी म्हणजे एम्बुकचा नवरा. मी त्याला काक म्हणतो, थोरल्या भावाला म्हणतात तसं, एम्बुकही काकच म्हणते. माणूस बोलतो कमी, बघतो जास्त. एका वाफ्यातलं पाणी बोटावर घेतलं, जिभेला लावलं, म्हणाला अजून चार दिवस. पलीकडच्यात म्हणाला उद्या. समुद्राचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकत जातं आणि दर वाफ्यात ऊन त्यातलं नको ते काढून घेतं. शेवटी पांढरं मीठ राहतं. काकच्या मते जगात फुकट आणि प्रामाणिक अशी ही एकच गोष्ट आहे.

पण स्वतः अंगभर गुंडाळून असतो. डोक्याला सारोंग, म्हणजे लुंगीच, वर टोपी, हातात मोजे, डोळे तेवढे उघडे. मी त्याला बालीचं सांगितलं. तिथे लोक विमानाने येतात, अंगाला तेल चोपडतात आणि आडवे पडून भाजून घेतात. एका बाईच्या पाठीवर मोठा व्रण होता, तीळ कापून काढला होता म्हणे, ऊन खाऊन खाऊन बिघडलेला. तरी दर वर्षी येते, फक्त आता छत्रीखाली बसते आणि नवऱ्याच्या उन्हातल्या खुर्चीकडे बघत राहते. त्याआधी सुराबायात मी गोरं होण्याचं मलम विकायचो, त्या बायका छत्रीशिवाय गल्लीसुद्धा ओलांडायच्या नाहीत.

काकने लाकडी फळीने वाफ्यातलं मीठ ओढून कडेला आणलं. मग म्हणाला, "म्हणजे तू आजवर उन्हाच्याच जिवावर जगलास. आमच्यासारखाच. फक्त घाम नाही गाळलास."

१४ ऑगस्ट

बिंगच्या डोळ्यांतलं पांढरं थोडं पिवळं दिसतंय. नाकाचा शेंडासुद्धा. बिब्बीने बघितलं आणि म्हणाली काही नाही, हा काढा आहे. एम्बुकला रोज सकाळी हळद, चिंच, गूळ घालून उकळलेला काढा देतात, बाळंतिणीला इथे सगळेच देतात. ती हळद दुधातून बाळाला गेली. मला हे पटलं. वाटीला हळदीचा डाग पडतो तो उन्हात ठेवला की जातो, हे तर मी स्वतः पाहिलंय.

त्यावर सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे सकाळचं ऊन. या गावात असं एकही माणूस नसेल ज्याला बाळपणी अंगणात उघडं ठेवलं नाही. मलाही ठेवलं होतं. बिब्बी म्हणते मी तेव्हाही एका जागी राहायचो नाही, लोळत सावलीत जायचो.

एम्बुक चाळीस दिवस उंबरा ओलांडणार नाही. बिब्बीला स्वयंपाक आणि सातव्या दिवसाची तयारी, काक मिठावर. घरात रिकामा माणूस एकच. बिब्बीने मला पढवलं: सात वाजता, कपडे काढून, डोळ्यांवर फडकं, पाच मिनिटं पोटावर ऊन, पाच मिनिटं पाठीवर, वारं सुटलं की आत. मी केलं. बिंग ऊन लागताच हातपाय ताणून मांजरीसारखी पसरली. मला फार आवडलं. कुणी मला इतकं महत्त्वाचं काम कधी दिलं नव्हतं.

१५ ऑगस्ट

पिवळं गेलेलं नाही. काकला विचारलं. तो म्हणाला, कुठल्या वाफ्यात दहा मिनिटांत मीठ धरतं? मग आज अर्धा तास ठेवलं. एम्बुकने आतून विचारलं, जास्त नाही ना होत? बिब्बी म्हणाली इथलं ऊन आपलं आहे, काही करत नाही. मी बिंगला पडावाबद्दल सांगत बसलो, नदी केवढी रुंद असते वगैरे.

एम्बुकचा फोन पाण्यात पडल्यापासून बंद आहे, म्हणून आरोग्य केंद्रात माझा नंबर दिलाय. तिथल्या नर्स बू लिलिक यांचा निरोप आला, बाळ कसं आहे, तिसऱ्या दिवशी आणायला सांगितलं होतं. मी अंगणात बिंगचा फोटो काढून पाठवला. छान आला होता, सोन्यासारखा. त्यांनी उलट लिहिलं की सकाळच्या उन्हात सगळंच सोन्यासारखं दिसतं, सावलीत नेऊन छातीवर बोट दाबून बघा, आणि कसंही असलं तरी उद्या सकाळी बाळाला घेऊन या.

हे वाचत असतानाच आकाशातून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. पलीकडच्या वस्तीतल्या पोरांनी माणसापेक्षा मोठा पतंग चढवला होता, त्याला धनुष्य बांधलेलं, वाऱ्याने ते गुणगुणतं. अशा धनुष्यावर मी ताडाच्या पानाची पट्टी बसवायला शिकलो होतो, आता विसरलो. जाऊन विचारून आलो. पट्टी दोन्ही बाजूंनी सारखी तासावी लागते, नाहीतर आवाज फाटतो. आधी ती मिठाच्या पाण्यात भिजवायची की साध्या, यावर तिथे दोन मतं आहेत.

घरी आलो तेव्हा सगळे जेवत होते. बू लिलिकचं सांगायचं राहिलं.

१६ ऑगस्ट

उद्याच्या कार्यासाठी बोकड आणला. तो बांधायचं काम माझ्याकडे आलं आणि नेमकं सात वाजता. बिंगला उन्हात ठेवलं, तेवढ्यात बोकडाने दोर तोडला आणि थेट मिठागराच्या बांधावर. त्याला धरून आणेपर्यंत बराच वेळ गेला. पाऊण तास असेल, तासही असेल. बिंग तशीच होती. पोट लाल झालं होतं, अंग गरम. बिब्बीने मला जे काही म्हटलं ते इथे लिहीत नाही. खोबरेल तेल लावलं.

पण एक बरं झालं, लालीमुळे पिवळं कमी दिसतंय. आणि पोर शहाणी आहे. एवढा वेळ एकटी होती पण रडली नाही. उचललं तेव्हाही जागी झाली नाही. एम्बुक म्हणते दोन घोट घेते की झोपते, आणि तिची स्वतःची छाती दगडासारखी झालीय, दुखते. बिब्बी म्हणाली झोपतं ते पोर वाढतं. लंगोट सकाळपासून एकच बदलला, तोही जेमतेम ओला. बिब्बी म्हणाली आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी घामातून जातं. दुपारी मी बिंगच्या तळव्याला गुदगुल्या केल्या. तळवे पिकल्या आंब्यासारखे झालेत. पाय मागेसुद्धा घेतला नाही. मला हसू आलं, इतकी गाढ.

बू लिलिकचा निरोप आठवला. पण आता उद्या त्या जेवायलाच येणार आहेत. उद्याच दाखवू.

१७ ऑगस्ट, संध्याकाळ, इस्पितळ

बाकावर बसून लिहितोय. 

सकाळी पुरुषमंडळी ओसरीवर जमली. गावच्या इमामांनी पठण सुरू केलं, सगळे उभे राहिले. काकने बिंगला हातावर घेतलं आणि रांगेतून नेलं. प्रत्येकाने कात्रीने केसांची एकेक बट कापली. वीसेक जणांच्या समोरून गेली, अत्तर लावलं, कुणाची दाढी लागली, कुणी खोकलं. ती एकदाही जागी झाली नाही. सगळे म्हणत होते किती शांत पोर. मला अभिमान वाटला. खरं सांगतो, मला अभिमान वाटला.

मग बिब्बीने उरलेले केस वस्तऱ्याने काढले. टाळू पिवळी होती. पिवळट नाही, पिवळी. बिब्बी म्हणाली कोवळी कातडी अशीच असते, पण वस्तरा पुसताना तिचा हात दोनदा चुकला.

बू लिलिक स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन आटोपून आल्या, पांढऱ्या गणवेशातच. त्या जावातल्या, इथे अकरा वर्षं झाली, आमची भाषा बोलतात पण रागावल्या की विसरतात. हात धुऊन बाळ मागितलं. अंगणातून उठून दाराच्या आत सावलीत बसल्या, बाळाला मांडीवर उघडं केलं आणि तिची टाच स्वतःच्या पांढऱ्या बाहीवर टेकवली. तेव्हा सगळ्यांना दिसलं. आम्ही इतके दिवस तिला हळदीशी, आंब्याशी, सोन्याशी ताडून बघत होतो. पांढऱ्या कापडाशी कुणी धरली नव्हती.

त्यांनी तळव्यावर टिचकी मारली. एक, दोन, तीन. बिंग रडली, पण तो आवाज बाळाचा नव्हता, बारीक, टोकदार, एखाद्या पाखरासारखा. आणि पाठ मागे वळवली धनुष्यासारखी.

बू लिलिक म्हणाल्या, "गाडी कुणाकडे आहे?"

बिब्बी म्हणाली पंगत बसायचीय, रस्सा चुलीवर आहे. इमाम म्हणाले नाव अजून ठेवलेलं नाही. काकने फक्त एवढंच विचारलं, उद्याचं एक ऊन देऊन बघितलं तर? तो हट्ट करत नव्हता. त्याला माहीत असलेल्या सगळ्यांत चांगल्या गोष्टीबद्दल विचारत होता.

"काक मार्सुकी," बू लिलिक म्हणाल्या, "ऊन वाईट नाही. पण हे उन्हाचं काम नाही. आता एक तास घालवला तर तो परत मिळायचा नाही. मी परवाच निरोप पाठवला होता, घेऊन या म्हणून."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग फोन कुणाकडे असतो ते आठवून माझ्याकडे. मी म्हणालो, राहिलं सांगायचं. पतंगाचं तर कुठल्या तोंडाने सांगणार.

बिब्बी चाळीस दिवसांचं काहीतरी बोलायला लागली. एम्बुक पलंगावरून उठली, डोक्यावरून ओढणी घेतली, उंबरा ओलांडला आणि भर उन्हात जाऊन मिठाच्या टेम्पोत बसली. इमामांनी टेम्पोच्या खिडकीतून बाळाच्या उजव्या कानात नाव सांगितलं. रोमला. इंजिन चालू होतं, दोनदा सांगावं लागलं.

तासाभराचा रस्ता. बू लिलिक सारख्या एम्बुकला पाजायला लावत होत्या, दूध पिळून थेंब थेंब जिभेवर. मागे मी आणि काक मिठाच्या गोण्यांवर.

१८ ऑगस्ट

रक्तातला पिवळेपणा मोजतात. काल सव्वीस होता. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्याहून फार तर सहा-सात वर्षांनी मोठ्या. म्हणाल्या एवढा वाढला की तो मेंदूत उतरायला लागतो. सहा तासांत कमी झाला नाही तर सगळं रक्त बदलावं लागेल. रोमला काचेच्या पेटीत आहे, वर-खाली निळे दिवे, डोळ्यांवर पट्टी, नाकात दुधाची नळी. निळ्या उजेडात ती कुठल्याच रंगाची दिसत नाही.

काल दाखल करताना त्यांनी विचारलं, पिवळं कधी दिसलं, दिवसातून किती वेळा प्यायली, लंगोट किती ओले, सुस्ती कधीपासून. एम्बुकला सगळे दिवस एकच वाटत होते. बिब्बी घरी राहिली होती. काक म्हणाला आम्ही लिहून ठेवत नाही. मी म्हणालो माझ्याकडे लिहिलंय.

वही काढली आणि वाचायला लागलो. चौदा तारीख वाचली, त्या लिहून घेत होत्या. पंधरा आली. पतंगापाशी मी थांबलो. तेवढं गाळलं असतं तरी चाललं असतं, डॉक्टरांना त्याचा काय उपयोग. पण वेळ कळायला हवी म्हणून वाचलं, आणि मग एकदा सुरू केल्यावर सगळंच वाचलं. बोकड, पाऊण तास, एक लंगोट, तळवे, मला हसू आलं तेसुद्धा. एम्बुक शेजारच्या खुर्चीवर होती. ती वहीकडे बघत नव्हती, माझ्याकडेही नाही. समोरच्या भिंतीवर आईचं दूध कसं पाजावं याचं चित्र आहे, त्याकडे बघत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चांगलं केलंत, सगळं वाचलंत." त्यानंतर मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

आज सकाळचा आकडा एकवीस. रक्त बदलायची गरज नाही म्हणाल्या.

१९ ऑगस्ट

सतरा. नळी काढली. एम्बुक दर दोन तासांनी पाजते, मध्ये व्हरांड्यात बसते. माझ्याशी बोलत नाही. रागाने नाही, निदान तसं दिसत नाही. मी चहा आणला की घेते. पण बोलायचं असलं की काकला सांगते, त्याला म्हणावं जरा पाय मोकळे कर, परवापासून इथेच आहे.

काकने आज डॉक्टरीणबाईंना गाठलं. टोपी हातात धरून उभा होता. त्याने विचारलं की दिव्याचा उजेड चालतो मग सूर्याचा का नाही, उजेड तो उजेड. मला वाटलं त्या हसतील. पण त्या खाली बाकावर बसल्या आणि समजावून सांगितलं. उन्हात पिवळं विरघळवणारा निळा उजेड असतोच, म्हणून जुने लोक म्हणायचे ते अगदी खोटं नाही. पण तो थोडा, आणि त्याच्याबरोबर ताप आणि चटका फार. या दिव्यात तेवढाच निवडून ठेवलाय, रात्रंदिवस, सगळ्या अंगावर. तेवढा उन्हातून द्यायचा म्हटलं तर पोर भाजून निघेल, अंगातलं पाणी सुकेल. आणि काढ्याचा काही संबंध नाही, आई आणि बाळाचे रक्तगट जुळत नाहीत म्हणून हे झालं.

काक म्हणाला, "म्हणजे आम्ही उन्हात ठेवलं म्हणून झालं असं नाही."

"नाही. पण उन्हात ठेवलं म्हणून तुम्हाला वाटत राहिलं की उपचार चाललाय. त्यात तीन दिवस गेले."

मग म्हणाल्या ऊन हाडांना लागतं, बाळंतिणीलाही लागतं, चाळीस दिवस अंधारात कोंडू नका तिला, रोज सकाळी थोडं अंगणात बसू दे. काकने मान हलवली. गेल्यावर मला म्हणाला, पाण्याचंही असंच आहे, कुठलं वाफ्यात घ्यायचं आणि कुठलं नाही ते कळावं लागतं. त्याला वाफ्यांबद्दल बोलताना मी पहिल्यांदाच असा मध्येच थांबलेला पाहिला.

साहनानचा निरोप आला, पडाव शनिवारी सुटतो.

२३ ऑगस्ट

घरी आलो. आकडा नऊ. रोमला आता जागी असते आणि रडते, चांगली सणसणीत. पहिल्यांदा रडली तेव्हा बिब्बी चुलीपाशी बसून स्वतःच रडली.

निघताना डॉक्टरीणबाईंनी एक सांगितलं. एवढा पिवळेपणा चढला की कधीकधी कानाची नस दुखावते. आत्ता कळणार नाही. तीन महिन्यांनी सुराबायाला मोठ्या इस्पितळात तपासणी करायची. एम्बुकने तारीख दोनदा विचारून घेतली.

साहनानला कळवलं, येत नाही. कारण लिहिलं नाही. त्याने हसणारा चेहरा पाठवला आणि जागा दुसऱ्याला दिली.

११ सप्टेंबर

मिठावर जातोय काकबरोबर. सारोंग गुंडाळायला शिकलो. पहिल्या दिवशी नाक उघडं ठेवलं होतं, त्याची साल निघाली. ओढलेल्या मिठाचा ढीग करताना कंबर मोडते. पण आश्चर्य म्हणजे महिना होत आला, मी इथेच आहे.

एम्बुक सकाळी अंगणात बसते, रोमला मांडीवर, डोक्यावर ओढणीची सावली. बिब्बीला ते बघवत नाही. माझ्याशी एम्बुक अजून सरळ बोलत नाही. बिब्बीमार्फत चालतं सगळं. त्याला विचार मासे आणलेत का. त्याला सांग तो सदरा धुवायला टाक. बिब्बी कंटाळलीय. काल म्हणाली मी काय टपालाची पेटी आहे का, तो समोर बसलाय.

घरात आणखी एक गोष्ट चालली आहे आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. बिब्बीच्या हातून हल्ली भांडी फार पडतात. झाकण, पळी, काल पातेलं. पडलं की ती भांड्याकडे बघत नाही, पाळण्याकडे बघते. काक घरात शिरताना शीळ घालायला लागलाय, ज्याला मी आयुष्यात शीळ घालताना ऐकलं नव्हतं. मी स्वतः पाळण्याच्या मागे उभा राहून दोनदा टाळी वाजवली. पहिल्यांदा ती दचकली. दुसऱ्यांदा नाही. मग मला प्रश्न पडला की पहिल्यांदा टाळीने दचकली की माझ्या सावलीने. आता टाळी वाजवत नाही.

एम्बुक काहीच पाडत नाही. ती रोमलाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बोलत राहते, बराच वेळ.

२ ऑक्टोबर

आज मिठाचा ढीग चांगला झाला. काक म्हणाला माझे वाफे आता सरळ ओढले जातात. रोमला हसते. पण हसताना ती तोंडाकडे बघून हसते की आवाजाला, ते सांगता येत नाही.

बू लिलिक येऊन गेल्या. गावात आणखी एक बाळंतीण आहे, तिच्या बाळाला बघायला आल्या होत्या. बिब्बी स्वतः त्यांच्याबरोबर गेली. तिथे अंगणात ते पोर उघडं ठेवलेलं पाहून ती त्या आजीला म्हणाली की आधी सावलीत आण, पांढऱ्या कापडावर ठेव आणि बघ. बू लिलिकनी मला हे सांगितलं. बिब्बी घरी येऊन नुसती तांदूळ निवडत बसली.

२० नोव्हेंबर

काल सुराबायाला गेलो होतो. मी, एम्बुक, काक, रोमला. आवाज बाहेरून येऊ नये म्हणून भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेली खोली. रोमलाच्या कपाळावर आणि कानांमागे तारा चिकटवल्या. तपासणीला मूल झोपलेलं लागतं. एम्बुकने मांडीवर घेऊन झोपवलं. तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. गेल्या वेळी पोर झोपली म्हणून आम्ही सगळे खूश झालो होतो.

पाऊण तास लागला. पडद्यावर रेघा हलत होत्या, त्यातलं आम्हाला काही कळत नव्हतं. काक त्या रेघांकडे वाफ्यातल्या पाण्याकडे बघतो तसा बघत होता.

उजवा कान चांगला. डावा कान उत्तर देत नाही. तीन महिन्यांनी परत बघू, सुधारेलही, नाही सुधारला तर एका कानावर मूल नीट बोलायला शिकतं, शाळेत पुढे बसवा, वाढीवर लक्ष ठेवा. तिथले डॉक्टर वयस्कर होते, त्यांनी हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा एम्बुककडे बघून. एम्बुकने विचारलं, उजवा नक्की? ते म्हणाले, नक्की.

मला वाटलं होतं मला हायसं वाटेल. थोडं वाटलंही. पण बसच्या थांब्यापर्यंत मी मोजत राहिलो की पंधरा तारखेला संध्याकाळी नेलं असतं तर, सोळाला सकाळी नेलं असतं तर. काकने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि, इथे पोराला हाक मारतात तसं, म्हणाला, "चोंग, आम्हीही घरीच होतो. डोळे आम्हालाही होते." आणि तिकिटं काढायला गेला.

बसमध्ये तिघांच्या बाकावर बसलो. काक खिडकीशी, मध्ये एम्बुक, तिच्या मांडीवर रोमला पुढे तोंड करून, आणि मी अलीकडे, वाटेच्या बाजूला. रोमलाने माझं बोट धरलं. काहीतरी बोलावं म्हणून मी वाकून तिला सांगायला लागलो की आता मोठा पूल येईल.

"तिकडून नको," एम्बुक म्हणाली.

मला आधी कळलंच नाही की ती माझ्याशी बोलतेय. काकनेही मान वळवली.

"तो डावा कान आहे, बुसिरी. या बाजूला ये. काक, तू ऊठ जरा, त्याला खिडकीत बसू दे." तीन महिन्यांत तिने माझं नाव पहिल्यांदा घेतलं. "उजवीकडून बोल. रोज बोलायचं, आणि हळू नाही, नीट मोठ्याने. तुझी बडबड कुठल्यातरी कामाला येऊ दे."

मी उठून पलीकडे गेलो. खिडकीत बसलो. इतके दिवस मला गप्प राहण्याची सवय झाली होती, आता सांगायला काहीच सुचेना. नदी, पडाव, पतंग, सगळं डोक्यातून गेलं. एम्बुक वाट बघत होती. रोमला पण बघत होती, तोंड उघडं टाकून.

मग बस पुलावर चढली आणि मी खिडकीतून जे दिसेल ते सांगायला लागलो. पाणी. बोट. आणखी एक बोट, निळी. तिच्यावर माणूस उभा आहे. तिसरी बोट.